शेततळ्यात कोणती कोळंबी? खाऱ्या आणि गोड्या पाण्यातील जातींचा फरक

खाऱ्या पाण्यातील आणि गोड्या पाण्यातील कोळंबी म्हणजे एकाच प्राण्याचे दोन पाण्यांत वाढलेले प्रकार नव्हेत. त्यांची कुळे वेगळी आहेत. अंडी घालण्याची रीत, वाढीचा वेग, खाद्य, रोग आणि बाजारातील हिशेब यांतही फरक आहे. अहिल्यानगर जिल्हा समुद्रापासून दूर असला तरी येथे प्लास्टिक अस्तराची शेततळी भरपूर आहेत. मुळा, भंडारदरा यांसारखी धरणे आहेत, नेवासा-शेवगावला जायकवाडीचा आणि कर्जतला उजनीचा फुगवटा आहे. प्रवरा व गोदावरीच्या लाभक्षेत्रात पाणी खारवट झालेल्या विहिरीही आहेत. त्यामुळे कोळंबीचा विचार करणाऱ्या शेतकऱ्यांकडून तीन प्रश्न पुन्हा पुन्हा येतात: विहिरीचे पाणी मचूळ आहे, मग त्यात समुद्राची कोळंबी वाढेल का? शेततळ्यात मीठ टाकले तर चालेल का? आणि ‘गोड्या पाण्यातली’ म्हणून विकले जाणारे बीज खरोखर कोणत्या जातीचे असते?

तिन्ही प्रश्नांचा निकाल पाण्याच्या चवीवर लागत नाही. जात कोणती आणि पाण्यात कोणते क्षार किती, एवढ्यावर तो लागतो.

आधी नावे नीट समजून घ्या

नगरच्या बाजारात ‘झिंगा’ आणि ‘कोळंबी’ हे शब्द सरसकट वापरले जातात. आठवडी बाजारात मिळणारे सोडे आणि सुकट हा समुद्रातून आलेला वाळवलेला माल असतो. व्यापारी शेतीच्या दृष्टीने तीन जाती महत्त्वाच्या आहेत.

- टायगर कोळंबी: आपल्या किनाऱ्यावरची, अंगावर पट्टे असलेली. निमखाऱ्या पाण्यात, साधारण 15 ते 25 पीपीटी क्षारतेत ती उत्तम वाढते. (पीपीटी म्हणजे एक लिटर पाण्यात किती ग्रॅम क्षार. समुद्राच्या पाण्यात ते सुमारे 35 असतात.)
- व्हनामी: मूळची अमेरिका खंडाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची. भारतात तिच्या व्यापारी संवर्धनाला 2009 मध्ये परवानगी मिळाली. आज हॉटेलांत आणि गोठवलेल्या पाकिटांत बहुधा हीच असते. ती फार कमी क्षारतेतही जगते, आणि बहुतेक गोंधळ या एका गुणामुळेच होतो.
- स्कॅम्पी किंवा जंबो कोळंबी: ही खरी गोड्या पाण्यातील. निळसर लांब नांग्यांचा मोठा नर ही तिची खूण. हिची जवळची नातलग गोदावरीची कोळंबी म्हणून ओळखली जाते.

याशिवाय नद्या-तलावांत लहान देशी झिंगे असतात. त्यांतल्या काही जाती गोड्या पाण्यातच अंडी-पिल्ली करतात, पण त्या मोठ्या होत नाहीत.

शरीरावरून ओळख

बाजारात असो किंवा बीज विकणाऱ्याने दाखवलेला मोठा नमुना असो, पुढील खुणा तपासा. यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही.

- पोटावरील कवचपट्ट्या: कोळंबी आडवी धरून डोक्याकडून शेपटीकडे पाहा. समुद्री कोळंबीत प्रत्येक पट्टी मागच्या पट्टीवर कौलांसारखी चढलेली असते. स्कॅम्पीत दुसरी पट्टी रुंद असून ती पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही पट्ट्यांवर येते. ही सर्वांत भरवशाची खूण आहे.
- नांग्या: समुद्री कोळंबीच्या पायांच्या पहिल्या तीन जोड्यांना बारीक चिमटे असतात. स्कॅम्पीत ते फक्त पहिल्या दोन जोड्यांना असतात आणि दुसरी जोडी ठळक मोठी असते.
- अंडी: बाजारात येणाऱ्या मोठ्या कोळंबीपैकी पोटाखाली अंड्यांचा गुच्छ चिकटलेला दिसला तर ती गोड्या पाण्यातील समजावी. टायगर आणि व्हनामी अंडी थेट पाण्यात सोडतात.
- नर-मादी: स्कॅम्पीत नर मोठा होतो, टायगर व व्हनामीत मादी. एकाच तळ्यातल्या स्कॅम्पीत काही नर मोठे, निळ्या नांग्यांचे आणि काही अगदी खुरटलेले निघतात. तो बीजाचा दोष नाही, त्या जातीचा स्वभावच आहे.

जन्म कोठे होतो, हे का महत्त्वाचे

स्कॅम्पीला गोड्या पाण्यातील म्हणतात ते तिच्या वाढीच्या काळामुळे. तिचा जन्म मात्र गोड्या पाण्यात पूर्ण होत नाही. मादी सुमारे 20 दिवस अंडी पोटाशी बाळगते. अंड्यांतून निघालेल्या अळ्यांना 12 ते 16 पीपीटीचे निमखारे पाणी लागते. तेथे महिनाभरात 11 अवस्था पार केल्यावर अळीचे पिल्लू होते आणि मग ते गोड्या पाण्यात राहू शकते. निसर्गात हा प्रवास नदी आणि खाडी यांच्यात चालतो. गोदावरीच्या वाटेवर धरणे आणि बंधारे उभे राहिल्यावर खाडीपासून अहिल्यानगरपर्यंतचा तो परतीचा मार्ग बंद झाला आहे.

यातून शेतकऱ्याने दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. शेततळ्यात सोडलेली स्कॅम्पी अंड्यावर आली तरी तिच्यापासून पुढची पिढी मिळणार नाही, दर हंगामाला हॅचरीतून बीज आणावेच लागेल. आणि ‘एकदा सोडा, कायम काढत राहा’ असे कोणी सांगत असेल तर तो एक तर लहान देशी झिंगे विकतो आहे किंवा फसवतो आहे.

टायगर आणि व्हनामी यांचे जननचक्र समुद्राच्या पाण्याशी बांधलेले आहे. त्यांच्या हॅचऱ्या किनाऱ्यावर असतात आणि पिल्ले तेथे साधारण 30 पीपीटीच्या पाण्यात वाढलेली असतात. ती थेट मचूळ पाण्यात टाकली तर काही तासांत मरतात.

विहिरीचे खारे पाणी समुद्राचे नसते

श्रीरामपूर, राहाता, कोपरगाव, नेवासा, राहुरी या भागांत पाण्याचा अतिवापर आणि निचऱ्याचा अभाव यांमुळे जमिनी खारवट-चोपण झाल्या आणि विहिरींचे पाणीही बिघडले. हे पाणी खारे लागते, पण त्यातल्या क्षारांचे प्रमाण समुद्राच्या पाण्यासारखे नसते. कोळंबीला नुसते मीठ पुरत नाही. कात टाकताना तिला कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि विशेषतः पोटॅशियम ठरावीक प्रमाणात लागते. भूजलात पोटॅशियम नेमके कमी पडते. अशा पाण्यात पिल्ले पहिले काही दिवस ठीक दिसतात, मग कात टाकताना अंग आखडून मरू लागतात आणि दोष बीजाला दिला जातो.

माती-पाणी परीक्षणाच्या अहवालात क्षारता बहुधा विद्युत वाहकता, म्हणजे ईसी, या रूपात असते. ती डेसीसायमन प्रति मीटरमध्ये असेल तर 0.64 ने गुणले की पीपीटी अंदाजे मिळते. ईसी 5 असेल तर क्षारता सुमारे 3 पीपीटी. म्हणजे उसाला जे पाणी घातक, ते कोळंबीच्या मानाने समुद्राच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी खारे असते.

पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत देताना फक्त ‘पिण्यायोग्य’ किंवा ‘सिंचनयोग्य’ असा शेरा मागू नका. पुढील आकडे लेखी मागा:

1. सामू: 7.5 ते 8.5 असावा.
2. ईसी किंवा एकूण विद्राव्य क्षार.
3. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, प्रत्येकी मिलिग्रॅम प्रति लिटर.
4. एकूण काठिण्य आणि अल्कलिनिटी.

व्हनामीसाठी हिशेब असा: पाण्याची जी पीपीटी असेल तिला 10.7 ने गुणावे, तेवढे मिलिग्रॅम पोटॅशियम हवे. मॅग्नेशियमसाठी 39 ने आणि कॅल्शियमसाठी 11.6 ने गुणावे. 5 पीपीटीच्या पाण्यात पोटॅशियम 50 मिलिग्रॅमच्या वर हवे. अहवालात ते 10 दिसले तर तूट 40 मिलिग्रॅमची. ती उसाला टाकतात त्याच म्युरेट ऑफ पोटॅशने भरता येते. 20 लाख लिटरच्या तळ्यात 10 मिलिग्रॅम वाढवायला सुमारे 40 किलो पोटॅश लागते, म्हणजे वरच्या उदाहरणात दीडशे किलोहून अधिक. हा खर्च बीज आणण्यापूर्वीच मांडावा.

हरियाणा, पंजाब आणि राजस्थानात खारवट भूजलावर व्हनामी वाढवली जाते ती याच पद्धतीने. मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेच्या रोहतक केंद्राने त्यासाठी काम केले आहे. पडीक खारवट जमिनीचा तो एक उपयोग आहे, चांगल्या जमिनीचा नव्हे.

शेततळ्यात मीठ टाकू नका

हा सल्ला एजंटांकडून वारंवार दिला जातो, म्हणून हिशेब मांडून पाहावा. 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद आणि 3 मीटर खोल शेततळ्यात उतार धरून सुमारे 20 लाख लिटर पाणी मावते. त्याची क्षारता 5 पीपीटीने वाढवायला सुमारे 10 टन मीठ लागेल. एवढे करूनही पोटॅशियम व मॅग्नेशियमची तूट तशीच राहते. आणि हंगाम संपल्यावर ते 10 टन मीठ कोठे जाणार? शेतात सोडले तर जमीन चोपण होईल, नाल्यात सोडले तर खालच्या शेतकऱ्याची विहीर बिघडेल. अस्तर फाटले तर दोन्ही. ज्या जिल्ह्याने खारवट जमिनींचा त्रास इतकी वर्षे सोसला आहे, तेथे गोड्या पाण्याचे तळे मुद्दाम खारे करणे हे नुकसान स्वतःपुरते राहत नाही. डाळिंब किंवा द्राक्षासाठी बांधलेल्या तळ्यात तर हा विचारही करू नये.

पाण्यानुसार निवड

पावसाच्या किंवा कालव्याच्या गोड्या पाण्याचे तळे. येथे स्कॅम्पी हाच योग्य पर्याय. पाणी फार कठीण नसावे. काठिण्य 30 ते 150 मिलिग्रॅम असेल तर उत्तम. 300 च्या पुढे वाढ मंदावते आणि कवचावर चुन्याचा थर बसू लागतो. या कारणाने विहिरीपेक्षा पावसाने भरलेले तळे सरस ठरते. स्कॅम्पी तळाशी राहते, आपली जागा राखते आणि नुकत्याच कात टाकलेल्या मऊ सोबतिणीला खाते. म्हणून दाट सोडता येत नाही. चौरस मीटरला 1 ते 5 पिल्ले पुरे. प्लास्टिक अस्तराच्या गुळगुळीत तळाशी तिला आडोसा नसतो. पाइपचे तुकडे, मातीची कौले, जुन्या जाळ्यांचे गुंडे ठेवले तर मर बरीच कमी होते.

तिच्यासोबत कटला आणि रोहू सोडता येतात. मृगळ आणि सायप्रिनस हे तळाशी चरणारे मासे तिचे खाद्य खातात, ते टाळावेत. मरळ, मागूर किंवा तिलापिया तळ्यात असेल तर आधी पाणी काढून तळे स्वच्छ करावे लागेल. ज्यांनी आजवर फक्त मासे वाढवले आहेत त्यांनी पहिल्या वर्षी कटला-रोहूबरोबर थोडी स्कॅम्पी सोडून अनुभव घ्यावा. एकट्या स्कॅम्पीवर पूर्ण तळे लावण्यापेक्षा हे शहाणपणाचे आहे.

खारवट विहीर आणि पडीक जमीन. येथे व्हनामीचा विचार होऊ शकतो, पण वर सांगितलेला अहवाल हातात आल्यावरच. व्हनामी पाण्याच्या सर्व थरांत फिरते, म्हणून दाट सोडता येते आणि 100 ते 120 दिवसांत 20 ग्रॅमच्या आसपास पोहोचते. पण दाट तळ्याला रात्रभर एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारी यंत्रे, लागतात. पहाटे वीज गेली आणि जनरेटर नसेल तर एका रात्रीत तळे रिकामे होते. भारनियमनाच्या गावात जनरेटरशिवाय व्हनामी लावू नये, असे स्पष्टच सांगावे लागेल.

टायगर. या जिल्ह्यातील पाण्यासाठी नाही.

हंगाम

स्कॅम्पी आणि व्हनामी या दोन्ही जाती उष्ण पाण्याच्या आहेत. 26 ते 31 अंश सेल्सिअस तापमानात त्या चांगल्या वाढतात. पाणी 20 अंशांच्या खाली गेले की खाणे आणि वाढ जवळजवळ थांबते, आणि 15 च्या खाली स्कॅम्पी मरू लागते. नगरची डिसेंबर-जानेवारीची थंडी त्यामुळे निर्णायक आहे. उन्हाळा तापमानाला सोयीचा, पण पर्जन्यछायेतील बहुतेक तालुक्यांत तेव्हा पाणीच उरत नाही. व्यवहार्य वेळापत्रक एकच राहते: जून-जुलैत तळे भरताच बीज सोडणे आणि थंडी वाढण्यापूर्वी काढणी उरकणे. स्कॅम्पीला सहा महिने लागत असल्याने उशीर परवडत नाही. थोडे वाढवलेले, मोठे बीज मिळाले तर जास्त पैसे देऊनही तेच घ्यावे.

बीज घेताना

- व्हनामीचे बीज फक्त तटीय जलकृषी प्राधिकरणाकडे नोंदणी असलेल्या हॅचरीचेच घ्या. नोंदणी क्रमांक बिलावर लिहून मागा.
- पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूसाठी पीसीआर चाचणीचा अहवाल मागा. स्कॅम्पीसाठी पांढऱ्या शेपटीच्या रोगाचा अहवाल मागा.
- स्कॅम्पीत भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने निवड पद्धतीने सुधारलेला ‘सिफा-जीआय स्कॅम्पी’ हा वाण आहे. तो उपलब्ध आहे का, याची चौकशी करा.
- तळ्याची क्षारता हॅचरीला आधी कळवा. पिल्ले तेथेच टप्प्याटप्प्याने कमी क्षारतेला आणली पाहिजेत. शेवटचा टप्पा सर्वांत सावकाश हवा.
- पूर्ण बीज उतरवण्यापूर्वी तळ्याचे पाणी भरलेल्या टबात किंवा तळ्यातच लावलेल्या हाप्यात (जाळीच्या पिंजऱ्यात) 100 पिल्ले 48 तास ठेवून पाहा. 80 हून कमी जगली तर बीज सोडू नका. आधी पाण्यातला दोष शोधा.
- पिशव्या रात्री किंवा पहाटे उतरवा, अर्धा तास तळ्यात तरंगत ठेवा, मग थोडे थोडे तळ्याचे पाणी आत घाला.

‘गोड्या पाण्यातील व्हनामी’ असे बीज विकले जाते तेव्हा त्याचा अर्थ इतकाच की पिल्लांची क्षारता कमी करून आणली आहे. पावसाच्या पाण्याच्या तळ्यात ती तग धरतील याची ती हमी नव्हे.

विक्री आणि खरेदीचा हिशेब

व्हनामीचा भाव ‘काउंट’वर ठरतो. 50 काउंट म्हणजे किलोला 50 नग, प्रत्येकी 20 ग्रॅम. काउंट जितका लहान तितका भाव चढा. स्कॅम्पीत मोठे आणि खुरटे वेगळे करून विकावे लागते. सरसकट ढिगाला खुरट्याचा भाव मिळतो.

घरच्या खरेदीतही फरक पडतो. मोठ्या नर स्कॅम्पीचे निम्मे किंवा त्याहून अधिक वजन डोके आणि नांग्यांत जाते. व्हनामीत डोके काढल्यावर साधारण 60 ते 65 टक्के वजन उरते. म्हणून किलोच्या भावाची सरळ तुलना करू नये, सोललेल्या मांसाचा भाव काढावा. स्कॅम्पीच्या डोक्यातील पाचकरस मांस लवकर मऊ करतात. ती काढताच बर्फात टाकावी आणि घरी आणल्यावर लगेच डोके काढावे. समुद्री कोळंबीची गोडसर चव तिच्या मांसातील मुक्त अमिनो आम्लांमुळे येते आणि खाऱ्या पाण्यात ती वाढते. म्हणून कमी क्षारतेत वाढलेली व्हनामी त्या मानाने सपक लागू शकते.

कोळंबीची ॲलर्जी असलेल्यांनी गोड्या पाण्यातील कोळंबी सुरक्षित समजू नये. ॲलर्जी घडवणारे प्रथिन दोन्हींत सारखेच आढळते.

हक्क, मदत आणि जबाबदारी

प्रकल्प सुरू करण्याआधी जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय कार्यालयात जावे. तटीय जलकृषी कायदा 2005 हा किनारी पट्ट्यासाठी आहे, त्यामुळे अहिल्यानगरच्या तळ्याची परवानगी आणि नोंदणी राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाकडेच पाहावी लागते. 2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत ठरवून दिलेल्या प्रकल्पखर्चाच्या 40 टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्यांना 60 टक्के साहाय्याची तरतूद आहे. खोदाई आणि खरेदी मंजुरी हाती आल्यावरच करावी. किसान क्रेडिट कार्ड मत्स्यपालनालाही मिळते, आणि एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीसमान दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे ‘हा शेतीचा व्यवसाय नाही’ असे कारण देऊन बँकेने अर्ज परत केला तर ते कारण लेखी मागण्याचा आग्रह धरा.

बिल, पीसीआर अहवाल, नोंदणी क्रमांक आणि उतरवतानाचे चित्रीकरण जपून ठेवले तर खराब बीजाबद्दल ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. तोंडी व्यवहारात हाती काहीच उरत नाही. गोठवलेले पाकीट घेणाऱ्यांनी बर्फाचा थर वगळून निव्वळ वजन छापले आहे का, ते पाहावे. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान ही प्रतिजैविके कोळंबीसाठी बंद आहेत. ‘औषध’ म्हणून कोणी बिननावाची पुडी दिली तर ती तळ्यात टाकू नये. एका तपासणीत सगळा माल नाकारला जाऊ शकतो.

धरणाच्या किंवा गाव तलावाच्या पाण्यावर मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. तेथे परस्पर बीज सोडण्याचा किंवा पकडण्याचा अधिकार इतर कोणालाही नाही. व्हनामी तर परदेशी जात आहे आणि तिच्यासोबत विषाणूही प्रवास करू शकतात. काढणीनंतर उरलेली पिल्ले, तळ्याचे खारे पाणी किंवा मेलेला माल ओढ्या-नाल्यात, मुळा-प्रवरेत किंवा जायकवाडीच्या फुगवट्यात सोडू नका. मेलेला माल चुना टाकून खोल पुरा आणि पाणी जमिनीच्या कडेला वेगळ्या खड्ड्यात आटवा.